घंटेवाल्या बाईंची जागा

मुलगी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेली तेव्हा तिच्या जुन्या वह्या माझ्याकडे राहिल्या. त्यांची मागची पानं कोरी आहेत. टाकवत नाहीत, म्हणून त्यांवर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. माझं शिक्षण मराठी चौथी. शुद्धलेखन चुकलं तर चुकलं, लाल शाईने खूण करणारं इथे कुणी नाही.

लिहायचं ते मला नोकरी कशी मिळाली त्याबद्दल. हे मला आजवर एकदाच कुणी विचारलं, आणि तेव्हा मला सांगता आलं नाही.

मुलीचे वडील विषमज्वराने गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. आम्ही दोघी डोंबिवलीला माझ्या थोरल्या भावाकडे आलो. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. दादाच्या दोन खोल्या होत्या आणि मागे गॅलरी. गॅलरीतून भाताची खाचरं दिसत आणि त्यांच्या पलीकडे, कोपरच्या अंगाला, मिठाचे पांढरे ढीग. दादा मुंबईत एका कंपनीत कारकून होता. तो आणि वहिनी, दोघंही वाईट नव्हती, हे आधीच लिहून ठेवते. त्यांनी आम्हाला साडेतीन वर्षं ठेवून घेतलं आणि कधी वाटीतलं मोजलं नाही. पण माझ्याशी कुणी बोलतही नसे. वहिनीला जे सांगायचं ते ती मुलीला सांगे. "आत्याला म्हणावं, तांदूळ निवडायचे राहिलेत." खरं तर मी तिच्या मुलांची आत्या, माझ्या मुलीची नव्हे, पण तिच्या तोंडी तेच बसलं होतं. मी शेजारीच बसलेली असे. मुलगी माझ्याकडे बघे, मी उठत असे.

मी मुळातच कमी बोलणारी. माणसासमोर उभी राहिले की घसा कोरडा पडतो, अजून पडतो. त्या घरात जे काही थोडं बोलत असे तेही आटत गेलं.

माघ महिन्यात दादाची नागपूरला बदली झाली. जूनच्या आत हजर व्हायचं होतं. दादाने जेवण झाल्यावर पाटावरून न उठता सांगितलं, "नागपूरला एकच खोली मिळणार आहे. तुझ्या दिरांना पत्र टाकलं होतं. नाही म्हणत नाहीत ते. तुम्ही दोघी गावी जा."

दिरांचं गाव कोकणात, खाडीच्या काठाला. तिथली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला तरीत बसून पलीकडे जावं लागे आणि मुलींना कुणी पाठवत नसे. माझी मुलगी तेव्हा चौथीतच होती. मार्चात परीक्षा, मग संपलं.

मीही अशाच एका गावात अशीच थांबले होते. चौथी पास झाले त्या दिवशी आईने माझी पाटी धुऊन पिण्याच्या पाण्याच्या कळशीवर झाकण म्हणून ठेवली. ती तिथेच राहिली. पुढे कैक वर्षं पाणी प्यायला गेले की आधी पाटी बाजूला करावी लागे. मुलीची पाटी कुठल्या कळशीवर जाईल, ती दिरांच्या स्वयंपाकघरातली कळशीही मला दिसायला लागली.

म्हणून नोकरी. हा शब्द मी दादाजवळ कसाबसा काढला. त्याने हेटाळलं नाही. कचेरीतून येताना तो वर्तमानपत्र आणायला लागला. जाहिरातींचं पान मी स्टोव्हजवळ बसून बोटाने ओळ धरून वाचत असे. शिक्षिका पाहिजे, मॅट्रिक. परिचारिका पाहिजे, इंग्रजी आवश्यक. शिवणशिक्षिका, निदान फायनल, म्हणजे सातवी, पास. चौथीचं कुठेच काही नसे. महिनाभराने दादा म्हणाला, "अगं, तुझ्याजोग्या नोकऱ्या छापून येत नाहीत."

"मग कुठे येतात?"

त्याला हसू आलं. "कुठे येत नाहीत. असतात."

हे माझ्या डोक्यात राहिलं. असतात, पण कुठे असतात?

कोपरकडून एक भाजीवाली येत असे. वांगी, चवळीच्या शेंगा, कधी एका बोचक्यात घरचं मीठ. तिचा मुलगा लांब नोकरीला होता आणि त्याची पत्रं ती माझ्याकडून वाचून घेई. पत्र वाचताना माझा घसा कोरडा पडत नसे, कारण शब्द दुसऱ्याचे असत. एकदा पत्र संपल्यावर मी तिला विचारलं. विचारलं म्हणजे काय, टोपलीकडे बघत बोलले. कुठे बाईमाणसाला काम असलं तर सांगा.

"आगो बाय," ती म्हणाली, "रिकामी जागा हुरकून तुला कई गावंल? जागा रिकामी पराच्या आदीच भरते. कोन उठनार हाय त्याच्यावं नजर ठेव."

मला कळलं नाही हे तिला दिसलं असावं. तिने बसकण मारली. "कल्यानच्या बाजारात माझी बसाची जागा हाय ना, ती एका म्हातारीची व्हती. तिचा गुरगा धरला, चालाय येईना, तवाच मी तिची टोपली उचलाय लागली. दोन म्हयने उचलली. ती घरा बसली त्या दिशी माझं बूड तिच्या जागंवं. कोनी इचारलं नाय, कोनी सांगितलं नाय."

"तिला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं आसंल. मना शिव्या दिल्या. मंग वांगी बी दिली इकायला." ती हसली आणि टोपली डोक्यावर घेताना म्हणाली, "तू निसती आत बसतेस. बायका बोलतान तिथं जाऊन बस."

बायका बोलतात तिथे. बायका बोलत त्या हळदीकुंकवाला. कुणाकडे कोण येऊन राहिलंय, कुणाची सून माहेरी गेली, कुठल्या दवाखान्यातली बाई काम सोडतेय, सगळं तिथे एकमेकींना कळे. आणि तिथे मला जाता येत नव्हतं. कुणी नको म्हटलं नव्हतं. बोलावणं करणारी मुलगी दारात येऊन म्हणे, "काकू, आमच्याकडे हळदीकुंकवाला या," आणि माझ्यावरून नजर वहिनीकडे नेई. तेवढंच.

चैत्रात वहिनीने गौर बसवली आणि नागपूरला जायचं म्हणून सगळ्या चाळीला बोलावलं. मी आतल्या खोलीत. हरभरे भिजवले होते, पन्हं झालं होतं, आंब्याची डाळ मी सकाळीच वाटून ठेवली होती. पण बायका जास्त आल्या आणि वहिनीने दार किलकिलं करून मुलीला सांगितलं, "आत्याला म्हणावं, अजून थोडी वाटायला घे."

मी पाट्यावर डाळ घेतली आणि वरवंटा फिरवायला लागले. बाहेर गप्पा रंगल्या होत्या. आमच्याच चाळीतल्या एक शिक्षिका ठाण्याला मुलींच्या शाळेत शिकवत. त्यांचा आवाज वर्गात बोलण्याचा, भिंतीपार ऐकू येणारा.

"आमच्या घंटेवाल्या बाईंनी परवा काय केलं माहीत आहे का? मधल्या सुट्टीची घंटा पंधरा मिनिटं आधी दिली! मुली डबे घेऊन बाहेर, आणि आम्ही खडू हातात घेऊन उभ्या."

सगळ्या हसल्या.

"डोळे गेलेत त्यांचे. कबूल करत नाहीत. काही विचारलं की म्हणतात, घड्याळ पुढे होतं."

"मग आता?"

ऐकण्यासाठी मी वरवंटा थांबवला. आणि लगेच बाहेर आवाज खाली गेला. आत कुणी आहे हे वरवंटा थांबल्यावर त्यांच्या ध्यानात येई, तो चालू असला की नाही. मी पुन्हा वाटायला लागले. हळू, रिकाम्या पाट्यावर फिरवल्यासारखं.

"आता काय, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर दुसरी बघायची म्हणतात मोठ्या बाई. पण जाहिरात नाही द्यायची. जाहिरात दिली की दारात रांग, आणि जिच्यातिच्या हातात कुणाची तरी चिठ्ठी. नाही म्हणणं जड जातं. आपल्या माहितीतली हवी. बऱ्या घरची, आणि कमी बोलणारी."

"कमी बोलणारी बाई?" दुसरी कुणी तरी म्हणाली. "ती कुठे मिळायची हो? घडवून घ्या कुंभाराकडून!"

पुन्हा हसू. त्यात वहिनीचंही होतं, ते मी ओळखलं. चारपाच हातांच्या अंतरावर मी बसले होते, त्या घरात दिवसचे दिवस न बोलणारी. कुणाला माझी आठवण झाली नाही. वहिनीला सुद्धा नाही. राग आला असं नाही. हातातली डाळ फार बारीक वाटली गेली, खिरीसारखी झाली, ती मी मागे ठेवून दिली.

खरं म्हणजे मी त्या शिक्षिकाबाईंनाच विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्या पर्स घेऊन गाडीला निघाल्या तेव्हा मी गॅलरीत उभी होते. त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी मी जिन्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "अहो..."

त्या वळल्या. "काय हो?"

"कालची... परवाची डाळ आहे थोडी. ताजी केली आज परत. देऊ का?"

"द्या की. डब्यात नेते."

मी आत जाऊन वाटीभर डाळ आणून दिली. त्या गेल्या. मी जिन्यात उभी राहिले. विचारलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी वहिनीला सांगितलं असतं, वहिनीने दादाला, आणि मी दाराआडून ऐकते हे सगळ्या चाळीला कळलं असतं. असं मी स्वतःला समजावलं. पण खरं कारण घसा कोरडा पडला हेच.

चार दिवसांनी मी वहिनीला म्हणाले, "ठाण्याला जाऊन येते." ती पापड लाटत होती. "बरं," म्हणाली. का, कशाला, कुणाकडे, काही नाही. चालत स्टेशनवर जाताना मला तेच लागत राहिलं. तिने विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलं असतं.

शाळा स्टेशनपासून दूर नव्हती. कौलारू, पुढे आवार. पायऱ्यांशेजारच्या खांबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, आणि त्याच्याखाली एक उंच, वाळलेली बाई अनवाणी उभी. नऊवारी लुगडं, कपाळ माझ्यासारखंच मोकळं. तिचा एक पाय पायरीवर होता, उन्हाच्या अगदी कडेला, आणि ती तो मधून मधून पुढे सरकवत होती. मी तिच्या अंगावरून आत गेले. तिच्याकडे बघण्याचा धीर झाला नाही.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. टेबलावर कागदांची चळत होती. त्यांनी चष्मा वर केला. "काय काम?"

वाटेत पाठ केलेलं वाक्य मी म्हणून टाकलं. "सुट्टीनंतर इथे घंटेची जागा रिकामी व्हायची आहे. मला लिहिता-वाचता येतं. चौथी पास आहे."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या.

हा प्रश्न येईल असं मला सुचलंच नव्हतं. भाजीवालीने सांगितलं होतं की कोण उठणार ते बघ. आणि बघितल्यावर आपण कुणाचं नाव घेऊन आत जायचं, ते तिला सांगायची गरज वाटली नसेल, कारण ती दोन महिने म्हातारीची टोपली उचलून तिच्या ओळखीची झाली होती. मी कुणाचंच काही उचललं नव्हतं. जी गोष्ट बाहेर कुणाला ठाऊक नाही ती मला ठाऊक होती. म्हणजे शाळेतून कुणी तरी फोडली होती. शिक्षिकाबाईंचं नाव घेतलं तर त्यांच्यावर यायचं. स्वयंपाकघरातून ऐकलं म्हटलं तर माझ्यावर.

"कुणी पाठवलं? चिठ्ठी आहे का?"

मी मान हलवली.

"इथे कुठलीही जागा रिकामी नाही," त्या म्हणाल्या आणि चष्मा खाली घेतला.

मी बाहेर आले. पायरीवर बसले. आता गाव, आता कळशी, एवढंच डोक्यात.

"कोण बसलंय?" घंटेवाल्या बाईंनी विचारलं. तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे.

"मी. आत आले होते."

"मुलीचं नाव घालायला?"

"नाही."

"मग?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण सुचायला वेळ लागतो. तेवढ्यात खरंच तोंडातून गेलं. "तुमची जागा मागायला."

त्यांनी पाय तेवढा मागे घेतला. मग फार हळू विचारलं, "माझी जागा रिकामी आहे?"

"नाही म्हणाल्या त्या."

"ते सोडा. तुम्हाला कुठे कळलं?"

"डोंबिवलीला. हळदीकुंकवात बोलत होत्या."

"हळदीकुंकवात. म्हणजे सगळ्यांना झालं." त्यांनी खांब चाचपून धरला. "काय म्हणत होत्या?"

मी सांगितलं. मधल्या सुट्टीचं, घड्याळाचं, सुट्टीनंतरचं.

"हसल्या का?"

"हो."

"तुम्ही?"

"मी आत होते. डाळ वाटत होते."

त्यांनी मान डोलावली. आत का होते, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मग म्हणाल्या, "घड्याळ वाचता येतं?"

"येतं."

"व्हरांड्यात आहे. बघून या बरं."

मी बघून आले. "तीनला चार मिनिटं कमी."

"चार," त्या म्हणाल्या. "मी आत्ता देणारच होते. तिसऱ्या दगडाला ऊन लागलं की तीन. थंडीत बरोबर होतं. चैत्रात ऊन फसवतं." त्यांनी पायरीवरच्या फटीतून लोखंडी हातोडी काढली आणि ती हातात घेऊन आम्ही दोघी चार मिनिटं थांबलो. मी दोनदा जाऊन घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "झाले." त्यांनी ठोके दिले. बरोबर खांबाकडे हात गेला, एकही चुकला नाही. आतून बाकं सरकल्याचा आवाज आला.

आवाज निवल्यावर त्या शेजारी बसल्या. "कोण कोण आहे तुम्हाला?"

मी सांगितलं. मुलगी, चौथी, गाव, पाचवी नाही, दादा जूनला जाणार. सगळं मिळून चारपाच वाक्यं झाली असतील. इतकं मी त्या वर्षात कुणाजवळ बोलले नव्हते.

"मला कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मागे लाकडांच्या खोलीशेजारी माझी खोली आहे. जागा गेली की खोली गेली. म्हणून घड्याळ पुढे होतं म्हणावं लागतं." मग म्हणाल्या, "इथे शिपायांची जागा कशी भरतात ठाऊक आहे? उठणारा आपलं माणूस आणून उभं करतो. भाऊ, पुतण्या, कुणी तरी. शाळेला बरं पडतं, चौकशी नको. माझं आणायला कुणी नाही, म्हणून त्या बाहेर बघताहेत."

मी खांबाला टांगलेल्या रुळाकडे बघत होते.

"ऐक," त्या म्हणाल्या, आणि तिथे त्यांनी मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं. "नाव तुझं लागेल. घंटा तू देशील, पाणी तू भरशील. खोलीत मी राहीन. तुम्ही दोघीही राहा, मोठी आहे. मी मरेपर्यंत मला कुठे जा म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार. शप्पथ..."

"शपथ नको. शपथा घेणारे पुष्कळ पाहिले. नुसतं हो म्हण."

"हो."

त्यांनी माझा खांदा धरला आणि आम्ही आत गेलो. व्हरांड्यात लोकांना वाटलं असेल, त्याच मला घेऊन चालल्या आहेत. मोठ्या बाईंनी मान वर केली तेव्हा त्या म्हणाल्या, "हिला मीच बोलावलं होतं. माझ्या बहिणीची मुलगी. माझं आता होत नाही. सुट्टीनंतर मी येणार नाही, ही येईल."

मोठ्या बाईंनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "मग मघाशी बोलली का नाही?"

"बोलत नाही फारशी. म्हणून तर आणली."

मोठ्या बाईंचा चेहरा जरा सैल पडला. त्यांनी मला एक कागद वाचायला दिला, एक ओळ लिहायला लावली. मुलगी आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "तिचं नाव इथेच घाला. शाळेच्या माणसांच्या मुलांना नादारी मिळते." नादारी म्हणजे फी माफ. तो शब्द त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला.

घरी सांगितल्यावर दादा बराच वेळ पंख्याने वारा घेत बसला. "शाळेत घंटा बडवणार तू? आपल्या घरातली?" वहिनी मात्र पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलली. "अहो वन्सं, तुम्हाला कळलं तरी कुठून?" मी म्हणाले, "असंच." तिने काही तरी ओळखलं की नाही कोण जाणे. निघताना तिने तिची दोन लुगडी माझ्या ट्रंकेत घातली. दादाची पत्रं दोन वर्षं येत होती, मग दिवाळीला, मग नाही.

ठाण्याला माझं नाव पुतळाबाई असतं, गोदाबाई असतं, तरी कुणी त्या नावाने हाक मारली नसती. तिथे घंटेवालीला सगळे नुसतं बाई म्हणत, आणि माझ्या आधीच्या म्हाताऱ्या बाईंना मावशी. माझं नाव हजेरीपटात राहिलं. मावशीची भाची म्हणून मला माझ्या खऱ्या माणसांबद्दल कुणाशी बोलता येत नसे. आईच्या पाटीची गोष्ट सांगायची म्हटली तरी माझी आई म्हणजे मावशींची बहीण, मग दोन्हीकडचं जुळवावं लागे. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं, आणि ते मला येत होतंच.

मावशी खोलीत आणखी चार वर्षं होत्या. एकदा मी त्यांना म्हणाले की मी त्या दिवशी आले नसते तर तुमची जागा अजून एखादं वर्ष टिकली असती. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही गेले मी आत. त्यांनी मला सांगायच्या आधी मला त्यांना सांगायचं होतं." नंतर पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "टिकली असती." हे दोन्ही मी लक्षात ठेवलं आहे. त्या गेल्या तेव्हा शाळेने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. तिची घंटा मीच दिली.

चाळीतल्या शिक्षिकाबाईंचं सांगायचं राहिलं. मी मावशींची भाची नाही, अमक्यांची बहीण आहे, हे त्या शाळेत फक्त त्यांना माहीत होतं. जूनमध्ये त्यांनी मला हातोडी घेऊन खांबाजवळ उभं पाहिलं आणि पायरीवर थबकल्या. मी मान खाली घातली. आता बोलतील, आता संपलं. त्या अगदी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "डाळ छान झाली होती हो तुमची. दोन्ही दिवशीची." आणि वर्गात गेल्या. त्यानंतर सगळी वर्षं त्या माझ्याशी बाकीच्यांसारख्याच वागल्या, कमी नाही, जास्त नाही. पण माझ्यासमोर कुणाबद्दल काही बोलायचं झालं की त्या थांबत.

तोच तो जूनमधला शाळेचा पहिला दिवस. सकाळी खोलीत मुलीच्या वेण्या घालताना मी तिला म्हणाले, "शाळेत मला आई म्हणू नकोस. सगळ्या बाई म्हणतात, तूही बाई म्हण. आणि येता-जाता माझ्याकडे बघायचं नाही."

"का?"

"नादारीवर आहेस हे मुलींना कळायला नको."

ती एवढंच म्हणाली, "बरं." वहिनीसारखंच. मला वाटलं होतं ती रडेल, वाद घालेल. मी वेणीचा पेड उगीच एकदा सोडून पुन्हा घातला.

अकराला पाच मिनिटं कमी असल्यापासून मी घड्याळाखाली उभी होते. मुली आवारात ओळी करत होत्या. पाचवीची ओळ अगदी कडेला, माझ्यापासून दहा पावलांवर. पुढून तिसरी ती. नवी वही छातीशी धरलेली. घड्याळाने अकरा दाखवले आणि मी खांबाशी जाऊन रुळावर हातोडी मारायला सुरुवात केली. ओळ हलली. ती माझ्यासमोरून पायऱ्या चढली. मी सांगितलं होतं त्याप्रमाणे तिने वर पाहिलं नाही. समोरच्या मुलीच्या वेणीकडे बघत ती सरळ व्हरांड्यातून गेली, चौथीच्या वर्गावरून पुढे, आणि पलीकडच्या दारातून आत. त्या दारात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पाणी द्यायला पुढे रोज जाणार होते, पण तोवर नाही.

मागून मावशींचा आवाज आला. खोलीच्या उंबऱ्यात बसून त्या मोजत होत्या.

"अगं, पुरे! तीन ठोके जास्त पडले."

मी हातोडी खाली घेतली. रूळ थोडा वेळ वाजत राहिला. मी मोजले नव्हते.